खर्चाची नोंद: वही की मोबाइल?

सांगलीत हरभट रोडवर खरेदी केली की यूपीआयमध्ये तारीख, वेळ, रक्कम आपोआप राहते. कष्ट शून्य. पण तिथं दिसतं दुकानदाराचं नाव आणि ३४० रुपये. त्यात तेल किती, फरसाण किती, कळत नाही. मंडईत रोखीनं घेतलेली मेथीची जुडी तर त्यात येतच नाही.

माझा कौल वहीला. रात्री जेवणं उरकली की लिहिते: दूध ३२, रिक्षा ४०, भडंग ६०. आठवड्यात तिसऱ्यांदा 'भडंग' लिहिताना पेन थांबतं, आणि सवय बदलते ती तिथंच. मोबाइलवर ते थांबणं होत नाही. वहीत विसरायला होतं, हे खरं. म्हणून लिहिताना यूपीआयची यादी शेजारी उघडी ठेवते.