आरएक्स १००साठीचे ड्रॅग किट: धावपट्टीचे इंजिन आणि रोजची गाडी

यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल १९८५ ते १९९६ या काळात भारतात विकली गेली, म्हणजे तिच्यातल्या सर्वांत धाकट्या गाडीनेही पंचविशी केव्हाच ओलांडली आहे. तरीही तिच्यासाठी ड्रॅग शर्यतीचे, म्हणजे सरळ पट्टीवर थोडे अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीचे, तयार किट बनवणारे आहेत आणि ते हौसेने घेणारेही आहेत. मी त्यांपैकीच एक. माझी गाडी मी रोज वापरतो, त्यामुळे हे किट धावपट्टीवर किती पळते यापेक्षा ते लावल्यावर गाडी रोजची राहते का, याचेच कुतूहल मला अधिक होते. एक पूर्ण हंगाम ते वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

किटमध्ये पोर्टिंग केलेला, म्हणजे मिश्रण व धूर जाण्याची भोके (पोर्ट) तासून वाढवलेला, सिलिंडरचा ब्लॉक, तासलेले हेड (सिलिंडरचे झाकण), नवा पिस्टन, मूळ कार्बोरेटरपेक्षा बराच मोठा कार्बोरेटर, त्याला जुळणारा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत सोडणारी झडप) आणि एक्स्पान्शन चेंबर (एक्झॉस्टची फुगीर नळी) एवढ्या वस्तू येतात. वेल्डिंग नीट आहे, हेडचा पृष्ठभाग सपाट आहे आणि सर्व बोल्ट मूळ भोकांत बसतात. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत सोडून, किकने इंजिन एकदा फिरवून ती दाबून घेतली आणि मोजली, तेव्हा पिस्टन व हेड यांच्या कडेची फट ०.९ मिलिमीटर भरली, जी अशा इंजिनाला योग्यच म्हणावी लागेल. मात्र ब्लॉक उजेडात धरून पोर्टच्या कडांवरून बोट फिरवले, तेव्हा मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या एका ट्रान्सफर पोर्टची कड नखाला चक्क टोचली. पिस्टनची रिंग प्रत्येक फेऱ्यात या कडांवरून दोनदा जाते, आणि कड मारून गोल केलेली नसेल तर ती रिंगला किसणीसारखी खाते. एक्झॉस्ट पोर्टची रुंदी ३४.५ मिलिमीटर होती. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटरचा असल्यामुळे हे प्रमाण ६९ टक्के होते. रस्त्यावरच्या इंजिनात ते साधारण ६५ टक्क्यांच्या आत ठेवलेले बरे. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगून अडकण्याची भीती वाढत जाते. बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन कडा मीच गोल केल्या, पण हे काम विकणाऱ्याने करायचे होते.

धावपट्टीवर किटने निराश केले नाही. बंदिस्त पट्टीवर ४०२ मीटरचे अंतर कापायला माझ्या गाडीला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, त्यात जवळजवळ दोन सेकंदांची बचत झाली. मूळ इंजिन ७,५०० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांना) ११ अश्वशक्ती देते आणि त्याआधीच त्याची ओढ जाणवू लागते. हे इंजिन ८,०००पर्यंत जवळजवळ झोपलेले असते आणि नंतर १०,५००पर्यंत असे खेचते की हँडल हलके लागू लागते. हे सारे एक्स्पान्शन चेंबरचे देणे आहे. एक्झॉस्टमधून निघालेली दाबाची लहर चेंबरच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पोर्टमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लहर नेमकी वेळेवर परत येण्याचा आरपीएमचा पट्टा मात्र अरुंद असतो, आणि आरएक्स १००ला गिअर चारच आहेत. गिअर टाकला की आरपीएम त्या पट्ट्याच्या खाली घसरतो आणि क्षणभर गाडीत जीवच नाही असे वाटते. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून आरएक्स १३५चा पाच गिअरचा संच बसवतात. मी त्या वाटेला गेलो नाही, कारण क्रँककेस उघडण्यासाठी मला निमित्तच हवे असते हे मी स्वतःला ओळखून आहे.

खरी अडचण रस्त्यावर आली. किट बसवून झाल्यावर मी प्लग पाहून मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे कार्बोरेटरमधले छिद्र) ठरवला होता: पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून चिनीमातीचा रंग पाहायचा. तो दुधाळ कॉफीसारखा आला म्हणून मी निश्चिंत झालो. पण ड्रॅगमध्ये थ्रॉटल एक तर बंद असतो किंवा पूर्ण उघडा, आणि पूर्ण उघड्या थ्रॉटलचा हिशेब मुख्य जेट पाहतो. हमरस्त्यावर माणूस पाव ते पाऊण थ्रॉटलवर तासन्‌तास जातो, आणि तिथे मिश्रणाचे प्रमाण कार्बोरेटरची सुई ठरवते. किटसोबत आलेली सुई या टप्प्यात पेट्रोल कमी देत होती. अर्ध्या थ्रॉटलवर वीसेक मिनिटे गेल्यावर इंजिनाच्या आवाजात एक कोरडी धार आली, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी जड झाली आणि मागचे चाक जाम झाले. डाव्या हाताची बोटे सवयीने क्लचवर होती, म्हणून मी पडलो नाही. घरी ब्लॉक उतरवला, तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि खालची रिंग अ‍ॅल्युमिनियमने जागच्या जागी चिकटली होती. सुईची क्लिप एक खाच खाली आणून आणि दुसरा पिस्टन टाकून गाडी पुन्हा चालू झाली. सुईबद्दल किटच्या सूचनापत्रात एक ओळही नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार ऑइल पंपाची. मूळ गाडीत ऑटोल्यूब पंप आहे, जो थ्रॉटल आणि आरपीएम दोन्ही पाहून ऑइल देतो. किटवाले तो काढून टाकीत थेट १:२५ प्रमाणात, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर, ऑइल मिसळायला सांगतात. शर्यतीसाठी हे ठीक आहे. पण लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरताना इंजिन वेगाने फिरत असते आणि पेट्रोल जवळजवळ येत नसल्याने ऑइलही येत नाही. पंप नव्हता तोवर मी उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडायचो किंवा क्लच दाबून ठेवायचो. मागे बसणाऱ्याला हे विचित्र वाटायचे.

क्रँकविषयी, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याविषयी, थोडे सांगितले पाहिजे, कारण ब्लॉक बदलता येतो म्हणून किट निर्धोक आहे असे विकणारे सांगतात आणि मीही ते मानले होते. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास, ५० मिलिमीटरचा असल्यामुळे ७,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२.५ मीटर असतो, १०,५००ला तो १७.५ मीटर होतो. पिस्टनला प्रत्येक टोकाशी थांबवून उलट फिरवण्यासाठी कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे येथे जवळपास दुप्पट होतो. तो ताण त्याच तीस वर्षांच्या क्रँकवर आणि त्याच बेअरिंगवर पडतो. हंगाम संपल्यावर मूळ ब्लॉक परत बसवताना मी रॉड वर-खाली ओढून पाहिला, तेव्हा बोटांना बारीकशी टकटक जाणवली, जी हंगामापूर्वी नव्हती. ब्लॉक मूळचा आला, क्रँक मात्र ड्रॅगचाच राहिला. क्रँकचे ऑइल सीलही बदलावे लागले, कारण डाव्या सीलमधून हवा ओढली जात होती आणि त्यामुळे थ्रॉटल बंद असतानाचा आरपीएम आपोआप चढत होता. जुन्या टू-स्ट्रोकवर असे काहीही बसवण्याआधी सील नवे टाकावेत, हे मला या किटच्या निमित्ताने कळले.

ब्रेकबद्दल किट काहीच बोलत नाही. पुढचा ड्रम ब्रेक ११ अश्वशक्तीसाठी बनवलेला आहे आणि धावपट्टीच्या शेवटी पुढे मोकळी जागा आहे म्हणून तो पुरतो.

सध्या माझ्या गाडीवर मूळ ब्लॉक, मूळ कार्बोरेटर आणि ऑइल पंप आहे. किटमधला फक्त रीड व्हॉल्व्ह मी ठेवला, कारण त्याने किक सोपी झाली आणि काही बिघडले नाही. बाकीचे ऑइल लावून खोक्यात आहे. ज्यांच्याकडे धावपट्टीसाठी वेगळी गाडी आहे, किंवा निदान वेगळा क्रँक भरून ठेवलेला आहे, त्यांनी हे किट जरूर घ्यावे. ४०२ मीटरपुरते ते दिलेला शब्द पाळते. कामावर जायला हीच एक गाडी असेल तर घेऊ नये. विकणाऱ्याने पोर्टच्या कडा मारून दिल्या, दोन-तीन सुया सोबत टाकल्या आणि क्रँकच्या सीलचा उल्लेख पहिल्याच पानावर केला, तर खोक्यातला चेंबर मी पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर काढीन. तोपर्यंत नवे बेअरिंग टाकलेला दुसरा क्रँक तयार करून घेणे चालू आहे.