थंड पाण्यासाठी बॅकप्लेट आणि विंग: आधी शिसं मोजा

थंड पाण्यातल्या डायव्हिंगसाठी बॅकप्लेट (टाकी पेलणारी पाठीवरची धातूची पाटी) आणि विंग (प्लेट नि टाकीच्या मध्ये बसणारी, हवा भरायची पिशवी) घेताना बहुतेकांची नजर आधी लिफ्टच्या आकड्यावर, म्हणजे विंग पाण्यात किती किलो तरंगवते त्यावर जाते. जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सुरक्षित, असं धरून एकाच टाकीवर २५-२७ किलो लिफ्टची विंग चढवली जाते. मग तिच्या कडा टाकीभोवती वर वळतात, घडीत हवा अडकते आणि वर येताना ती सोडायला कसरत करावी लागते. खरेदीचा क्रम उलटा हवा: आधी सूट आणि आतले कपडे, मग शिसं (बुडण्यासाठी लागणारं वजन), मग प्लेट आणि सगळ्यात शेवटी विंग.

एकूण वजन किती लागतं ते टाकी जवळपास संपलेली असताना तपासायचं. टाकीत साधारण ५० बार दाब उरलेला, विंग पूर्ण रिकामी, ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरू देणाऱ्या सूटमध्ये) ऊब राहील एवढीच हवा; अशा अवस्थेत ३ मीटरवर हातपाय न हलवता थांबता आलं पाहिजे. ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या पातळ कापडाचा) सूट आणि आत जाड अंडरसूट असेल तर १० ते १४ किलो सहज लागतात. तलावात जमवलेला हिशोब समुद्रात चालत नाही. माणूस आणि सामान मिळून १०० किलो भरत असेल, तर खाऱ्या पाण्यात सुमारे अडीच किलो वाढवावे लागतात.

आता प्लेट. ३ मिमीची स्टीलची प्लेट साधारण २.५ ते २.७ किलोची असते, पण स्टील पाण्यात आपल्या वजनाचा आठवा भाग गमावतं, म्हणून शिशाच्या हिशोबात ती जेमतेम २.३ किलो धरायची. ६ मिमीची त्याच्या दुप्पट. अॅल्युमिनियमची प्लेट एक किलोच्या आतबाहेर असते आणि पाण्यात तिचं एक तृतीयांशाहून जास्त वजन जातं, त्यामुळे शिसं वाचवायला ती निरुपयोगी. ड्रायसूट आणि एक टाकी असेल तर ३ मिमीचं स्टील डोळे झाकून घ्यावं. कमरेचा भार कमी होतो आणि वजन फुप्फुसांच्या मागे येतं, तरंगण्याचा जोर असतो नेमका तिथेच, त्यामुळे आडवं राहणं सोपं जातं. ६ मिमीच्या मोहात पडण्याआधी एक विचार करा: प्लेटमधलं वजन पाण्यात टाकून देता येत नाही. निदान काही किलो तरी सुटणाऱ्या खिशात किंवा पट्ट्यावर राहिलेच पाहिजेत.

दुकानात प्लेट हातात घेतली की भोकांच्या कडांवरून बोट फिरवा. कड धारदार लागली तर ती वर्षभरात पट्टा कापते. बोल्टच्या भोकांमधलं अंतर बहुतेक कंपन्यांमध्ये ११ इंच, म्हणजे सुमारे २८० मिमी असतं, त्यामुळे एकीची प्लेट आणि दुसरीची विंग सहसा जमते. एका टाकीसाठी विंगलाच कॅम-पट्ट्यांच्या (टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांच्या) खाचा असतील तर वेगळा अॅडॅप्टर (मधला जोडतुकडा) लागत नाही. अॅडॅप्टरमुळे टाकी पाठीपासून आणखी दूर जाते, म्हणून आमची पसंती खाचांनाच.

विंगचा आकडा दोन प्रश्नांतून निघतो. अंगावरून काढलेला सगळा सेट, भरलेल्या टाकीसह, विंग एकटी तरंगवू शकते का? आणि खोलात चेपून सूटची कमी झालेली तरंगण्याची ताकद व टाकीतल्या हवेचं वजन मिळून किती होतात? यातलं जे मोठं, ते भरून निघालं पाहिजे. १२ लिटरची २३२ बारची टाकी घ्या. तिच्यातली हवाच सुमारे सव्वातीन किलोची. त्यात स्टीलच्या टाकीचं स्वतःचं थोडं जडपण, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र), प्लेट आणि सेटवर लावलेलं चारेक किलो शिसं धरलं तर बेरीज ११-१२ किलोवर जाते. १६-१८ किलोची विंग इथे भरपूर झाली. जुळ्या १२ लिटरच्या टाक्यांना २०-२५ किलो. त्याच्या वर जायचं तर कारण हातात हवं.

आकार डोनटचाच, म्हणजे पूर्ण कड्यासारखा घ्या. घोड्याच्या नालेसारख्या विंगमध्ये एका बाजूची हवा दुसरीकडे न्यायला अंग वळवावं लागतं. डोनटमध्ये ती खालूनही फिरते. कडेला रबरी दोऱ्या आवळलेल्या विंगा मात्र नकोत. दोऱ्या कापडाच्या घड्या पाडतात, हवा घडीत अडकते, आणि फाटल्यावर उरलेली हवा लवकर बाहेर ढकलतात.

जाड वेटसूट (आत पाणी शिरू देणारा, निओप्रीन या फेसाळ रबराचा सूट) वापरणाऱ्यांसाठी गणित वेगळं. ३० मीटरवर दाब चौपट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे चेपतात आणि वर असताना ८-१० किलो तरंगवणारा ७ मिमीचा दोन तुकड्यांचा सूट खाली त्यातलं बरंच गमावतो. अशा सूटवर स्टीलच्या जुळ्या टाक्या आणि स्टीलची प्लेट घालू नये. खोलात विंग फाटली तर वर आणणारं दुसरं काहीच उरत नाही. ड्रायसूटमध्ये निदान सूट फुगवण्याचा पर्याय असतो.

हार्नेस (प्लेट अंगाला बांधणारा पट्टा) एकसलग ५० मिमी पट्ट्याचाच बरा. ही हॉगार्थियन पद्धत विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावाने ओळखली जाते आणि फ्लोरिडाच्या गुहांमध्ये रुळली. तिथलं पाणी २० अंशांच्या वर असतं. ५ मिमीच्या किंवा कोरड्या हातमोज्यांना तिथल्या मापाच्या डी-रिंगा (सामान अडकवायच्या कड्या) पुरत नाहीत. खांद्यावरच्या रिंगा वाकवलेल्या, उभ्या राहणाऱ्या घ्या. हुक १०० मिमीच्या आसपासचे. माप घ्यायचं ते ड्रायसूट आणि पूर्ण अंडरसूट घालूनच. खांद्याच्या पट्ट्याखाली मूठ आडवी सरकली पाहिजे, नाहीतर हात बाहेर काढता येत नाही. डावा पट्टा दंडावरच्या डंप व्हॉल्व्हवर (सूटमधली हवा सोडणाऱ्या झडपेवर) चढत नाही ना आणि छातीवरचा हवा भरायचा व्हॉल्व्ह कशाखाली दबत नाही ना, तेही बघा. तिथे पट्टा टेकला तर सूट फुगतच राहतो आणि कारण सापडत नाही. नवा पट्टा ताठ असतो. पाण्यात भिजवून ओवला तर निम्मं भांडण वाचतं. कापलेलं टोक लायटरने वितळवून बंद करा.

इन्फ्लेटर (विंगमध्ये हवा भरायचं बटण आणि नळी) हा थंडीतला खरा कच्चा दुवा. दाबाची हवा फुगताना गार होते, आत थेंबभर ओल असली तरी बर्फ धरतो आणि बटण दाबलेलंच राहतं. उपाय: पाण्यात उतरण्याआधी बाहेरच्या गोठत्या हवेत बटण दाबू नका, पाण्यात लहान झटक्यांनी हवा भरा आणि नळी काढण्याची कडी हातमोज्यात पकडता येईल अशी खोबणीदार निवडा. विंग अडकून फुगायला लागली तर एका हाताने हवा सोडत दुसऱ्याने आधी ती नळी उपसायची. ही कृती हातमोज्यांसह उथळ पाण्यात घोटून घ्या. दोन फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) असतील तर विंग एकीवर आणि ड्रायसूट दुसरीवर ठेवा. फर्स्ट स्टेजही १० अंशांखालच्या पाण्यासाठी चालणारी हवी. EN २५० या युरोपीय मानकानुसार तपासलेल्या ज्या रेग्युलेटरवर ‘>१० °C’ अशी खूण असते, तो इथे बाद.

वापरानंतर विंगच्या आत गोडं पाणी घालून हलवा, इन्फ्लेटर खाली धरून सगळं काढा आणि कडाक्याच्या थंडीत ती गाडीत ओली सोडू नका. रात्रभर फुगवून टांगून ठेवा. सकाळी मऊ लागली तर फाटलेलं कापड शोधण्याआधी खालचा जादा दाबाचा व्हॉल्व्ह उघडा; बहुतेक वेळा त्याच्या सीलखाली वाळूचा एखादा कण असतो.