ग्लेनफिडिक १२ की ग्लेनलिव्हेट १२?

पहिल्यांदाच सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की, घ्यायला निघालेल्या माणसापुढे दुकानदार बहुतेक याच दोन बाटल्या ठेवतो. दोन्ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या, १२ वर्षं मुरलेल्या, ४० टक्के अल्कोहोलच्या आणि सिंगल माल्टच्या मानाने खिशाला झेपणाऱ्या.

ग्लेनफिडिकला वास येतो तो पिकलेल्या पेअरचा. बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि शेरी (स्पॅनिश वाइन) यांच्या पिंपांत मुरलेली ही व्हिस्की हलकी, गोडसर, शेवटी जराशी तुरट. पण घोट गिळला की चव फार लवकर विरते, आणि पाणी थोडं जास्त पडलं तर उरतंच काय! सोडा घालणाऱ्यांनी एवढे पैसे घालवूच नयेत.

ग्लेनलिव्हेटमध्ये अननस, व्हॅनिला, मागून थोडा मध. जिभेवर ही जास्त मऊ लागते, आणि चमचाभर पाण्याने वास छान मोकळा होतो. दिसायला इतकी सौम्य, पण इतिहास तिखट: जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये रीतसर परवाना काढला, तेव्हा आसपासचे चोरून दारू गाळणारे असे खवळले की तो पिस्तुलं बाळगून फिरायचा. ग्लेनफिडिकचा मान वेगळा. ब्लेंडची, म्हणजे वेगवेगळ्या कारखान्यांच्या व्हिस्क्या मिसळून केलेल्या व्हिस्कीची, चलती असताना, १९६३ पासून, तिने सिंगल माल्ट परदेशी बाजारात नेटाने खपवली.

माझे गुण: ग्लेनलिव्हेट १० पैकी ७, ग्लेनफिडिक ६. भेट द्यायची असेल तर मात्र ग्लेनफिडिकच. ती तिकोनी हिरवी बाटली सगळे ओळखतात. धुरकट चव हवी असणाऱ्यांनी दोन्ही सोडून आयला बेटाची लफ्रोइग बघावी.