पानिपत: आधी कादंबरी वाचू की शेजवलकर?

पानिपतावर वाचायचंय पण सुरुवात कुठून करू, विश्वास पाटलांच्या कादंबरीपासून की शेजवलकरांच्या ग्रंथापासून, हे मला दर जानेवारीत कोणी ना कोणी विचारतंच. मी घाईत एक नाव सांगून टाकते आणि मग वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून यावेळी बसून सगळं लिहितेय. दोन्ही पुस्तकं मी एकाहून जास्त वेळा वाचलीत आणि माझं म्हणणं असं की वाचायची दोन्ही, पण क्रम माणसागणिक बदलतो.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ला आली, जाडजूड कादंबरी आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' त्याच्या कितीतरी आधीचं, १९४६ साली डेक्कन कॉलेजकडून इंग्रजीत निघालं, मराठीत नंतर आलं. विषय एकच, मराठा सरदार दत्ताजी शिंदे लढाईत पडल्यावर भाऊसाहेबांची (सदाशिवरावभाऊंची) स्वारी उत्तरेत गेली आणि १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात सगळं संपलं. पण वाचताना दोन्ही पुस्तकं इतकी वेगळी लागतात की ही तीच मोहीम आहे ना असं मध्येच वाटतं.

कादंबरीची खरी ताकद आहे छावणी. शाळेत आपण शिकतो की उपासमार झाली, रसद तुटली, दोन वाक्यं, संपलं. कादंबरीत ती उपासमार आपल्या अंगावर येते. हजारो जनावरं, यात्रेकरू, बायका, पोरं, बाजारबुणगे (फौजेबरोबरची न लढणारी माणसं), आणि समोर अफगाण बादशहा अब्दाली अडीच महिने ठाण मांडून बसलेला, उत्तरेतली थंडी, आणि दक्खनेतून गेलेल्या माणसांकडे त्या थंडीचे कपडेसुद्धा धड नाहीत. ही सगळी माहिती इतिहासातही मिळते पण तिथे ती माहिती म्हणून मिळते. कादंबरी वाचली की इब्राहिमखान गारदी, जनकोजी, समशेरबहाद्दर, बळवंतराव मेहेंदळे ही नावं न राहता ओळखीची माणसं होतात आणि मग पुढे कुठलंही जड पुस्तक हातात घेतलं तरी कोण कुणाचा कोण हे शोधत बसावं लागत नाही. हा फायदा लोक फार कमी लेखतात. मी स्वतः कॉलेजात असताना शेजवलकर आधी उघडलं होतं आणि साठेक पानांत दमून ठेवून दिलं, कारण प्रत्येक पानावर पाच नवी नावं आणि त्यात आधीच्या इतिहासकारांशी चाललेला वाद, तो वाद कळायला आधी ते इतिहासकार माहीत पाहिजेत ना. कादंबरी वाचल्यावर तेच पुस्तक चार रात्रीत वाचून काढलं.

मग शेजवलकर कशाला, असं कोणी म्हणेल. तर एका उदाहरणावरून सांगते, नकाशा. भाऊसाहेबांनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली, तिथून वर उत्तरेला जाऊन ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला, तिथे अब्दालीचं धान्य आणि पैसा मिळाला, सगळे खुशीत. आणि ही मंडळी वर असतानाच अब्दालीने खाली बागपतजवळ यमुना ओलांडली. म्हणजे आता दिल्लीच्या आणि मराठ्यांच्या मध्ये अब्दाली. लढाईच्या दिवशी मराठ्यांचं तोंड दक्षिणेला होतं आणि अफगाणिस्तानातून आलेला अब्दाली उत्तरेकडे तोंड करून उभा होता! घरी जायची वाट शत्रूच्या फौजेतून जात होती. हे मला कादंबरी वाचूनही डोक्यात बसलं नव्हतं (चूक कादंबरीची नाही, मी प्रसंगांच्या मागे धावत वाचली), इतिहास वाचताना कागद घेऊन नदी काढली, गावं मांडली आणि मग एकदम लख्ख झालं. त्यानंतर "भाऊ हट्टाने पानिपतावर अडून बसला" हे वाक्य माझ्याने कधी बोलवलं नाही. गोलाची लढाई हा प्रकारही तसाच. तोफखाना पुढे, बायकापोरं आणि बुणगे आत, कडेने फौज, आणि असा सगळा गोल करून लढत लढत वाट काढायची, ही कल्पना शेजवलकर नीट उलगडून सांगतात, आणि मग गारद्यांच्या (इब्राहिमखानाच्या बंदूकधारी पायदळाच्या) बाजूला विंचूरकर-गायकवाडांची पथकं रांग सोडून पुढे घुसली याचा अर्थ काय झाला ते कळतं, आपलीच माणसं पुढे म्हटल्यावर तोफा डागायच्या कुणावर.

दोष कुणाचा, ह्या प्रश्नावर तर दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघायलाच पाहिजेत. जुन्या बखरींतला भाऊ म्हणजे तापट, गर्विष्ठ, कुणाचं न ऐकणारा. कादंबरी त्या भाऊला माणूस करते, त्याच्या बाजूने उभी राहते आणि वाचक भाऊसाठी रडतो, मीही रडलेय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेजवलकरही भाऊची बाजू घेतात पण ते तुम्हाला रडवत नाहीत, ते कागद पुढे ठेवतात आणि पुण्यात बसून धोरण ठरवणाऱ्या नानासाहेब पेशव्यांपर्यंत जबाबदारी नेऊन पोचवतात. त्यांचं मोठं म्हणणं असं की मराठे तिथे हिंदुस्थान हिंदुस्थानातल्या लोकांचा राहावा म्हणून परक्या आक्रमकाशी लढले. हे पटेल किंवा नाही पटणार, पण वाद घालायला जागा आहे आणि ती जागा कादंबरीत मिळत नाही, कादंबरीत तुम्ही वाहत जाता.

अजून एक फरक जो मला वय वाढल्यावर जास्त जाणवायला लागला. कादंबरीत शेवट लेखकाला माहीत असतो, आपल्याला माहीत असतो, त्यामुळे पहिल्या पानापासून सगळ्यावर त्या दिवसाची सावली असते. इतिहासात जी पत्रं उद्धृत होतात ना, ती लिहिणाऱ्याला शेवट माहीत नाही. भाऊ उत्तरेतल्या मराठ्यांच्या अंमलदाराला, गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितोय की रसद पाठवा, पैसा पाठवा, अब्दालीची रसद मारा, पुन्हा पुन्हा तेच, आणि त्या माणसाला खरंच वाटतंय की हे झालं तर निभावेल. डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले. ही पत्रं मूळात बघायची असतील तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आहे, १८९८ चा, त्याला त्यांची लांबलचक प्रस्तावना आहे आणि त्यात मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांच्यावर त्यांनी कडक ठपका ठेवलाय. भाषा जुनी, सवय व्हायला वेळ लागतो, पण ते वाचताना जी कालवाकालव होते ती कुठल्याही कादंबरीने मला दिली नाही. नाना फडणीसांनी स्वतःची हकीकत लिहून ठेवलीये तीही मिळाली तर वाचा, तेव्हा ते अठरा वर्षांचे, आई बरोबर होती, पळापळीत ताटातूट झाली ती कायमची.

आता निवड. ज्याला वाचनाची सवय आहे पण इतिहासाची नाही त्याने डोळे झाकून आधी कादंबरी घ्यावी आणि संपल्यावर महिनाभरात शेजवलकर, जास्त गॅप ठेवू नका नाहीतर कादंबरीतले संवाद हेच खरं घडलं असं डोक्यात पक्कं होतं. लोक भाऊच्या तोंडची वाक्यं स्टेटसला टाकतात आणि ती लेखकाची असतात. "बचेंगे तो और भी लडेंगे" हे दत्ताजीचं वाक्यसुद्धा बखरीतून आपल्यापर्यंत आलेलं आहे, त्याने ते मुळीच कमी होत नाही, पण कुठून आलं ते माहीत असावं. ज्याला कादंबरीतली अलंकारिक भाषा सोसत नाही, पान पान वर्णन नको, मुद्दा सांगा असा ज्याचा स्वभाव, त्याने सरळ इतिहासापासून सुरू करावं, फक्त शेजारी नकाशा हवा. इंग्रजी चालत असेल तर उदय कुलकर्णींचं 'सोल्स्टिस अ‍ॅट पानिपत' (२०११) आजच्या वाचकाला सोपं जाईल, त्यात कागदपत्रांचा आधारही भरपूर आणि गोष्टही सुटत नाही. आणि ज्याला पराभवाबद्दल वाचायला सोसत नाही, पुढे काय झालं तेवढं हवंय, त्याला रणजित देसाईंची 'स्वामी', माधवराव पेशव्यांची. पुस्तक छोटं, हळवं. पण त्यातलं रमा-माधवाचं नातं हे मुख्यतः लेखकाचं देणं आहे, कागदपत्रांत त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल फार थोडं सापडतं.

हाच नियम सगळीकडे लावू नका मात्र. संभाजी महाराजांच्या बाबतीत मी बरोब्बर उलटं सांगते. शिवाजी सावंतांची 'छावा' (१९७९) मला मनापासून आवडते, पण तिथे आधी इतिहास वाचा, वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र (१९६०) किंवा कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी'. कारण पानिपतावर आपल्या डोक्यात फारसं चित्रच नसतं, इथे उलट नाटक सिनेमांनी इतकी चित्रं आधीच भरलीत की अजून एक कादंबरी त्यात मिसळून जाते. व्यसनी, बेजबाबदार राजा ही प्रतिमा पसरली ती बरीचशी मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीतून, ती लिहिली गेली महाराजांच्या हत्येनंतर सव्वाशे वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच देहदंड दिलेला. हे एवढं कळलं की मग 'छावा' वाचताना सावंत कुठल्या अन्यायाशी भांडतायत ते दिसतं आणि कादंबरी दुपटीने भिडते. बेंद्र्यांचं पुस्तक कोरडं आहे हे खरंय, गोखल्यांचं त्या मानाने ओघवतं, एकच घ्यायचं तर गोखल्यांचं घ्या.

शिवाजी महाराजांवरच्या देसाईंच्याच 'श्रीमान योगी' बद्दल एकच सांगते, कादंबरी घ्या न घ्या पण तिच्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं जे लांब पत्र आहे प्रस्तावना म्हणून, ते सोडू नका. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर २७ वर्षं मोगल बादशहाशी ही रयत लढत राहिली ती का, हा प्रश्न त्यात ज्या पद्धतीने मांडलाय त्यावर मी अजूनही अडकते.

आणि खरंच ठरत नसेल, कादंबरी की इतिहास, तर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा एक भिक्षुक, घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत निघाला आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला, झाशीच्या वेढ्यात तो आत होता. त्याने ते १८८३ मध्ये लिहून काढलं, छापलं गेलं १९०७ ला. ना कल्पना ना तळटीपा, एका साध्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं, आणि पान उलटायची घाई कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त. पातळ आहे, एका रविवारात होतं. ते संपवून मग पानिपताकडे या, मोठं पुस्तक उचलायचं बळ आलेलं असेल.