घोड्याला अल्सरचा संशय: आधी स्कोप की आधी औषध?

सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेला घोडा ट्रकने सातारा-कोल्हापूरकडे आणला, नव्या तबेल्यात बांधला, आणि महिना होत नाही तोच त्याचं काहीतरी बिनसतं. तोबऱ्यातला हरभरा-ओट अर्धा तसाच ठेवून तो कडबा चघळत उभा राहतो. तंग आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला येतो. अंगावरची चमक गेलेली, खाणं झाल्यावर मधूनच पोटाकडे वळून बघणं. अशा घोड्याबद्दल कुणीतरी ‘अल्सर (पोटात व्रण) असेल’ म्हणतं आणि मालक मेडिकलमध्ये कॅप्सूल आणायला जातो.

संशय चुकीचा नाही. प्रवास, कोंडून ठेवणं आणि बदललेला खुराक एवढ्यानेच पाच दिवसांत निरोगी घोड्यांच्या पोटात व्रण झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण हीच लक्षणं दाढांचे टोकदार कोपरे, जंत किंवा न बसणारं जीन यांचीही असतात. म्हणून दात, लीद आणि जीन तपासून घेण्यात दोन दिवस गेले तरी ते वाया नाहीत. घोडा लोळतोय, घामाने भिजलाय, लीद बंद आहे, तर मात्र अल्सरचा विचार बाजूला ठेवा. तो पोटशूळ आहे, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा.

पुढचे पर्याय तोलण्याआधी एक गोष्ट पक्की हवी. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटतं, तो खात असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच येते. पोटाच्या वरच्या भागाला आम्लापासून फारसं संरक्षण नसतं, खालच्या ग्रंथींच्या भागाला असतं. वरचे व्रण आम्ल उसळून लागल्याने होतात, खालचे ते संरक्षण ढासळल्याने. आजाराचं नाव एकच असलं तरी दोन्ही औषधाला सारखी दाद देत नाहीत, आणि बाहेरून ते वेगळे ओळखता येत नाहीत.

स्कोप की अंदाजाने औषध

खात्रीचं निदान फक्त गॅस्ट्रोस्कोपीने, म्हणजे कॅमेऱ्याची लांब नळी (स्कोप) पोटात घालून बघण्याने होतं. मोठ्या घोड्याला साधारण तीन मीटर लांबीचा स्कोप लागतो, तो तालुक्याच्या दवाखान्यात नसतो. आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवावा लागतो, पाणीही काही तास आधी काढून घेतात. याच पायरीवर तपासणी हमखास फसते: दावणीतला चारा काढलेला असतो, पण घोडा रात्रभर खालचं गवत-पेंढा खात बसतो आणि सकाळी स्कोपला चाऱ्याशिवाय काही दिसत नाही. रात्री मुसकं बांधा. तपासणी नीट झाली तर व्रण वर की खाली, किती खोल, जठरातून आतड्याकडे उघडणाऱ्या तोंडाशी काय आहे, इतकंच काय, भिंतीला चिकटलेल्या बॉट माशीच्या अळ्याही दिसतात. लिदीत रक्त शोधणाऱ्या चाचणीवर मात्र हा निर्णय सोडू नका, ती भरवशाची नाही.

स्कोप दूर असेल आणि डॉक्टरांना लक्षणं पटत असतील तर औषधाचा चाचणी कोर्सही चालतो. त्याची अडचण अशी की फरक पडला तर तो औषधाने पडला की चारा आणि विश्रांतीने, हे कळत नाही. नाही पडला तर अल्सरच नव्हता की खालचा व्रण होता, तेही कळत नाही. माझा कौल असा: महागडा, शर्यतीचा किंवा स्पर्धेचा घोडा असेल, किंवा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर स्कोप आधी. बाकीच्यांनी तीन-चार आठवड्यांचा कोर्स करून बघावा, पण सुरुवातीलाच मुदत ठरवून. त्या मुदतीत सुधारणा नसेल तर डोस वाढवत बसू नका, घोडा स्कोपला न्या.

औषधांत काय निवडायचं

पहिलं नाव आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोलचं. घोड्यांसाठीच्या बफर केलेल्या (पोटातल्या आम्लाने औषध वाया जाऊ न देणाऱ्या) पेस्टचा उपचाराचा डोस वजनाच्या दर किलोला ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, साधारण २८ दिवस. उपाशीपोटी द्यायचं आणि अर्ध्या-एक तासाने चारा. वरच्या भागातले व्रण यावर बहुतेक भरतात, खालचे नुसत्या याच्यावर सहसा भरत नाहीत.

माणसांच्या कॅप्सूलचा हिशेब ऐका. आवरण असलेल्या दाण्यांचा डोस कमी, म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम धरला तरी ३५० किलोच्या घोड्याला २० मिलिग्रॅमच्या सतरा-अठरा कॅप्सूल होतात. सकाळी गुळातून दोन दिल्या तर ते औषध नव्हे, समाधान. आणि दाणे कुटून दिले की आवरण फुटतं, मग पोटातलं आम्लच औषध संपवतं.

सुक्राल्फेट व्रणावर थर धरतं, त्यामुळे खालच्या भागासाठी ओमेप्रॅझोलच्या जोडीला देतात. ते दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं, हीच त्याची कटकट. मिसोप्रोस्टॉल याच कामाचं आहे, मात्र गरोदर बाईने ते हाताळू नये. अँटासिड आणि खाण्याचा सोडा तासा-दोन तासांचे पाहुणे. कोरफडीची ओमेप्रॅझोलशी थेट तुलना झाली, त्यात ती मागे पडली. प्रोबायोटिकच्या डब्यावर खर्च करण्याआधी तोच पैसा लसूणघासाला लावा.

लंगडण्यासाठी फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. सोबत ओमेप्रॅझोल दिलं की पोट सुरक्षित, ही समजूत धोक्याची आहे, कारण मागच्या मोठ्या आतड्याला त्याने संरक्षण मिळत नाही.

चारा: इथे निवड नाही

स्कोप करा वा औषध, हे करावंच लागतं. नुसता गव्हाचा भुसा किंवा कडबा हा एकमेव चारा नको, त्याने धोका वाढतो. वाळलेलं गवत आणि लसूणघास मिळून वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा रोज हवा, म्हणजे ३५० किलोला सव्वापाच किलो, आणि दोन चाऱ्यांत सहा तासांपेक्षा जास्त खंड नको. घासातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्ल शमवतात. फेरीला निघण्याआधी थोडा घास खाऊ घातला तर दुडकी चालीत आम्ल वर उसळलं तरी पोटाच्या वरच्या भागाला कमी लागतं. धान्य एका वेळी पाऊण किलोच्या आसपास, दिवसात दोनदाच. ओट किंवा हरभऱ्यात साधारण ४० टक्के स्टार्च असतो, आणि एका वेळी किलोमागे १ ग्रॅम स्टार्चच्या आत राहायचं असतं. पाणी कायम पुढ्यात.

कोर्स संपताना एक काळजी घ्या. औषध थांबल्यावर आम्ल पुन्हा जोराने सुटू शकतं, म्हणून त्या आठवड्यात यात्रा, शर्यत किंवा लांबचा ट्रक प्रवास ठेवू नका. शर्यतीच्या घोड्यासाठी औषध किती दिवस आधी बंद करायचं, ते शर्यत भरवणाऱ्या क्लबचे नियम पाहून डॉक्टरांकडून लिहून घ्या.