सीडीएल कॉम्बिनेशन व्हेइकल्सचा पेपर: सरकारी मॅन्युअल आणि मोफत सराव-ॲप, काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत ट्रॅक्टर-ट्रेलर (ट्रॅक्टर म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) चालवायचा तर क्लास ए प्रकारचा सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहन परवाना लागतो. त्यासाठी जनरल नॉलेज आणि एअर ब्रेकच्या जोडीला कॉम्बिनेशन व्हेइकल्सचा, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या गाड्यांचा, वेगळा पेपर असतो: प्रश्न २०, पास व्हायला १६ बरोबर. तयारीचं साहित्य फुकट आहे. राज्याच्या मॅन्युअलचा विभाग ६ आणि फोनवरचं एखादं सराव-ॲप. दोन्ही भरपूर वापरल्यावर मत असं: ॲप परीक्षा घ्यायला उत्तम, शिकायला कुचकामी.

कारण साधं आहे. ॲपमध्ये तेच ते प्रश्न फिरून येतात आणि चार-सहा फेऱ्यांनंतर उत्तर वाचायच्या आधीच बोट पर्यायावर जातं. पेपरात तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने विचारतात. ट्रेलर हँड व्हॉल्व्ह (नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावणारा हाताचा खटका) फक्त ट्रेलरचे ब्रेक तपासायला, हे ॲपमुळे पाठ होतं. पण गाडी उभी करताना तो का वापरायचा नाही? हवा गळून गेली की स्प्रिंग ब्रेक (हवेचा दाब गेला की स्प्रिंगच्या जोराने लागणारे) नसलेल्या ट्रेलरचे ब्रेक सुटतात. आणि चालत्या गाडीत का नाही? नुसत्या ट्रेलरला ब्रेक लागून तो घसरू शकतो. ही कारणं मॅन्युअलमध्ये आहेत, ॲपमध्ये बहुधा नसतात.

सगळ्यात जास्त गुण जातात ते हवेच्या नळ्यांवर. इथे वाचण्यापेक्षा कागदावर आकृती काढलेली बरी. निळी सर्व्हिस लाइन, म्हणजे पेडल किती दाबलं तो निरोप नेणारी. लाल इमर्जन्सी लाइन, म्हणजे ट्रेलरच्या टाक्या भरणारी. मग एकेक नळी खोडून बघायची. लाल तुटली की दाब जातो आणि ट्रेलरचे इमर्जन्सी ब्रेक लगेच लागतात. निळी तुटली तर पेडल दाबेपर्यंत कदाचित काहीच कळत नाही. दाबल्यावर मात्र ट्रॅक्टरच्या टाकीतली हवा झपाट्याने उतरते, आणि ती पुरेशी उतरली की ट्रेलरचे ब्रेक लागतात. दोन्ही उलट जोडल्या तर टाक्या भरतच नाहीत आणि स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत. १९७५ आधीच्या बऱ्याच ट्रेलरना स्प्रिंग ब्रेक नाहीत. तिथे गाडी खुशाल निघेल, फक्त ट्रेलरला ब्रेक नसतील! केबिनमधला लाल अष्टकोनी नॉब आत दाबला की ट्रेलरला हवा, बाहेर ओढला की बंद. दाब २० ते ४५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान आला की तो आपोआप बाहेर येतो. एवढी आकृती पक्की झाली की या भागातले प्रश्न फसवत नाहीत. एअर ब्रेकचा विभाग ५ आधी वाचलेला असला तर काम आणखी सोपं.

दुसरी अडचण ट्रेलर जोडण्याच्या क्रमाची. नळ्या किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालचा जोडाचा खुंटा) अडकल्यावर जोडायच्या, असं बऱ्याच जणांना वाटतं. मॅन्युअलचा क्रम वेगळा: ट्रेलरच्या चाकांना अडसर लावून ट्रॅक्टर समोर आणायचा, ट्रेलरची उंची बघायची, नळ्या जोडून हवा द्यायची, मग हवा तोडून ट्रेलरचे ब्रेक लावायचे आणि त्यानंतरच मागे घ्यायचं. उंची अशी हवी की ट्रॅक्टर खाली शिरताना ट्रेलर किंचित उचलला जाईल. फार खाली असला तर ट्रेलरचं नाक फुटतं, फार वर असला तर जोड नीट बसत नाही. मग ट्रेलरचे ब्रेक लागलेलेच ठेवून ट्रॅक्टर हलकेच पुढे ओढून बघायचा. उतरून टॉर्चने बघायचं ते दोन गोष्टींसाठी: फिफ्थ व्हीलच्या (किंगपिन पकडणारी ट्रॅक्टरवरची जोडाची तबकडी) वरच्या-खालच्या भागांत फट नको, आणि जबडे किंगपिनच्या दांड्याभोवती बंद हवेत, डोक्याभोवती नव्हे. हा दांडा-डोकं प्रश्न परीक्षकांचा लाडका.

आकडे थोडेच आहेत, ते सरळ पाठ करावेत. अपघातात भरलेली गाडी उलटण्याची शक्यता रिकामीच्या १० पट. ट्रेलरवर एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्ती १ मार्च १९९८ पासून बनलेल्यांना. त्याचा पिवळा दिवा ट्रेलरच्या डाव्या बाजूला.

ॲपच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत जास्तीचे प्रश्न मिळतात, जास्तीची समज नाही. त्यापेक्षा दोन मोफत ॲप आलटून-पालटून वापरावीत आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न मॅन्युअलच्या पानावर जाऊन शोधावा. एक लक्षात ठेवा: ॲपचं प्रमाणपत्र सरकारदरबारी चालत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए घेणाऱ्याला गाडीवरच्या परीक्षेआधी सरकारी नोंदणीतल्या प्रशिक्षकाकडूनच प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, आणि शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान १४ दिवस थांबावं लागतं.