जुन्या स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग: ४० मिमीचा मोह आणि कोल्हापूरचे स्पीडब्रेकर

पहिल्या पिढीची स्विफ्ट (२००५ ते २०११) खाली बसवायला तीन वाटा आहेत: असलेली स्प्रिंग कापायची, तयार लोअरिंग स्प्रिंगचा संच घालायचा, नाहीतर थेट कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र संच. कॉइलओव्हरचा खर्च लाखाच्या आसपास जातो. एवढ्या जुन्या गाडीवर तेवढा पैसा घालणं म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग, त्यामुळे तो विषय इथंच संपला. उरलेल्या दोन वाटांपैकी कापलेल्या स्प्रिंगला पाचपैकी एक गुण आणि तयार संचाला साडेतीन. तेही संच २५-३० मिमीचा असेल आणि सोबत चारही शॉकअप नवे असतील, तरच. ४० मिमीचा संच फोटोत झकास दिसतो. कोल्हापुरात त्याचे दोन गुण जातात, आणि ते का जातात याचा हिशेब सोपा आहे.

स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि रस्ता यांमधली जागा) १७० मिमी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३९० मिमी. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. तो गाडीच्या चाकांमधल्या अंतराहून रुंद आहे, त्यामुळे पुढची-मागची चारही चाकं एकदमच त्यावर चढलेली असतात आणि मधला फुगवटा चाकांच्या रेषेच्या वर जेमतेम ४२ मिमी येतो. असे ब्रेकर असते तर ६० मिमी खाली बसवलेली गाडीही आरामात गेली असती. पण गल्लीच्या तोंडाशी, शाळेसमोर, गावाच्या वेशीवर जे असतात ते दीड-दोन फूट रुंद आणि सहा इंच उंच वरवंटे. तिथे चाकं दोन्ही बाजूला सपाट रस्त्यावर आणि वरवंटा पोटाखाली, म्हणजे पूर्ण १५० मिमी लागतात. ४० मिमी बसवलेल्या गाडीकडे रिकामी असताना १३० असतात. मागे तीन माणसं बसली की त्याहून कमी. आधी सायलेन्सरचा पाइप घासतो, मग इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरची पाळी. २५ मिमी बसवलेल्या गाडीकडे १४५ उरतात. ब्रेकर तिरका घेतला, एकेक चाक चढवलं, की बहुतेक ठिकाणी निभावतं. ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेल्या मोळ्या रस्त्यावर असतात, त्यांचाही हिशेब धरा. राधानगरी नाहीतर गगनबावड्याकडे नेहमी जाणं असेल तर २५ च्या पुढे जाऊच नये.

आता कापणं. ग्राइंडरवर दहा मिनिटांचं काम आणि मजुरी नाममात्र, म्हणून ते सगळ्यात लोकप्रिय. स्प्रिंगचा कडकपणा चालू, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या, वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो: सहा वेढ्यांतला एक कापला की राहिलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. गाडी किती बसेल हेही आधी मोजता येतं. गाडी चाकांवर उभी असताना एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढी ती प्रत्येक कापलेल्या वेढ्यामागे बसते. इथवर ठीक. गोची अशी की गाडी खाली आली की चाकाला वर यायला जागा कमी राहते. जागा निम्मी झाली तर तोच खड्डा निम्म्या अंतरात गिळायला स्प्रिंग चौपट कडक लागते, आणि आपल्याकडे आहे २० टक्के. मग उरलेलं काम बंप स्टॉपर, म्हणजे चाक फार वर आलं की त्याला अडवणारं रबर करतं. ‘गाडी कडक झाली, मस्त बसते’ असं जे कौतुक ऐकू येतं, त्यातला बराच कडकपणा रबरावर आपटण्याचा असतो. काही महिन्यांत स्ट्रट माउंटिंग (पुढचा स्प्रिंग-शॉकअप, म्हणजे स्ट्रट, वर बॉडीला जिथे बसतो तो भाग) बोलायला लागतं.

दुसरा धोका जास्त गंभीर. कापलेली स्प्रिंग मोकळ्या लांबीतही आखूड होते. चाक हवेत लोंबकळलं, म्हणजे जॅकवर किंवा खोल खड्ड्यावर, की ती आपल्या बैठकीत सैल पडते. मागच्या बाजूला ती नुसती वर-खाली दोन बैठकांत अडकलेली असते, त्यामुळे तिथून सरकून तिरकी बसू शकते. गॅस कटरने कापणारा किंवा स्प्रिंग तापवून दाबणारा भेटला तर गाडी तशीच परत न्या. तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं, आणि ती स्प्रिंग पुढे बसत राहते नाहीतर तुटते. उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते वळवून मिळतं, हा कोल्हापूरचा मोठा आधार आहे. बुश, स्पेसर, पिन जरूर करून घ्या. स्प्रिंग मात्र नको.

तयार संच का बरा? त्याची तार, वेढे आणि मोकळी लांबी एकमेकांना धरून ठरवलेली असते. चाक पूर्ण लोंबकळलं तरी स्प्रिंग बैठकीत दाबलेली राहावी म्हणून प्रोग्रेसिव्ह (दाबत जाल तशी कडक होणाऱ्या) स्प्रिंगच्या एका टोकाला दाट वेढे देतात. विकत घेताना पेट्रोल की डिझेल हे आधी सांगा: डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे पुढची स्प्रिंग वेगळी. पेट्रोलचा संच डिझेलला घातला तर ३० मिमीच्या नावाखाली नाक बरंच जास्त खाली जातं. खोक्यावर पार्ट नंबर नसेल, चार स्प्रिंगवर पुढची-मागची खूण नसेल, तर तो संच स्वस्तातही घेऊ नये.

पण खरा पैसा स्प्रिंगमध्ये घालायचाच नाही. पंधरा-अठरा वर्षं जुन्या गाडीचे मूळ शॉकअप तसेही थकलेले असतात. कडक स्प्रिंग दाबली गेली की जोरात उलटते. तिला आवरायचं काम शॉकअपचं. शॉकअपच्या अंगावर तेलाची ओल असेल, काढून हाताने दाबल्यावर मध्येच मोकळा धक्का लागत असेल, तर नवी स्प्रिंग त्याला महिनाभरात संपवते आणि दोष स्प्रिंगवर जातो. बजेट तोकडं असेल तर क्रम असा ठेवा: आधी चार शॉकअप, पुढची स्ट्रट माउंटिंग बेअरिंगसकट, बंप स्टॉपर, धुळीचे बूट, लिंक रॉड. स्प्रिंग त्यानंतर. नुसते नवे शॉकअप घालून मूळ उंचीवर गाडी चालवून पाहिली तर निम्म्या लोकांची खाली बसवायची हौस तिथेच फिटते, हेही सांगून ठेवायला हवं.

बसवताना मोजमाप जमिनीपासून घेऊ नका, टायरची हवा फसवते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही ठिकाणी मिमीमध्ये लिहून ठेवा. पुढे स्ट्रट बाहेर काढून, समोरासमोर दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचं नट सोडायचं नाही. त्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो. मागे मात्र काम सोपं. बॉडी घोड्यांवर, ॲक्सल जॅकवर, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा, स्प्रिंग हातात येते. फक्त ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते बघत राहायचं. मागची स्प्रिंग चाकापेक्षा ॲक्सलच्या बिजागरीच्या जवळ असल्याने ती जेवढी आखूड, त्याहून थोडी जास्त गाडी बसते. त्यामुळे पुढे-मागे सारखंच मापलं तर मागचा भाग बसका दिसतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटच्या आवळणीत. लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या ॲक्सलच्या रबर बुशचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि गाडी ठरल्या उंचीवर बसतही नाही. गॅरेजवाला घाईत असेल तर इथे उभं राहून बघावं.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर स्प्रिंग पाच-दहा मिमी आणखी बसते, व्हील अलाइनमेंट त्यानंतर करा. पुढे फक्त टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, जुळवता येतो. कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, थोडा आत झुकलेला राहतो. २५-३० मिमीला तो चालून जातो, ४० च्या पुढे टायरची आतली कड खाल्ली जाते. मागच्या ॲक्सलला काहीच जुळवता येत नाही. ज्या जुन्या गाड्यांना मागे लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व्ह आहे, तिथे तो तपासून घ्यायलाच हवा. मागचा भाग खाली गेला की व्हॉल्व्हला गाडी भरलेली वाटते, मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो आणि पावसात मागची चाकं आधी लॉक होतात. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्या.

कायद्याची बाजू कडू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापात फेरफार चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. एमएच ०९ (कोल्हापूर पासिंग) च्या २००८-०९ सालच्या स्विफ्ट त्या रांगेत येऊन गेल्या आहेत, पुन्हा येतील. तपासणीला गाडी मूळ उंचीवर न्यावी लागणार, म्हणून काढलेल्या स्प्रिंग भंगारात देऊ नका. घासून, तेलाचा हात फिरवून, ‘पुढची डावी’, ‘पुढची उजवी’ अशी चिकटपट्टी लावून माळ्यावर ठेवा.